पावसाळ्यात एअरब्रशिंग: चकचकीत काळा पांढुरका पडतोय, वर नळीतून पाणीही येतंय

गगनभरारी (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

सध्या मिग-२१ चं १/४८ मापाचं प्लास्टिक मॉडेल हातात घेतलंय. १९६३ ते सप्टेंबर २०२५ एवढा काळ आपल्या हवाई दलात राहिलेलं विमान, त्यामुळे मन लावून करायचंय. कॅमोफ्लाजचं नको, जुन्या काळातलं उघड्या धातूचं चंदेरी रूपच हवं. आता अॅल्युमिनियमचा मेटॅलिक रंग खुलायचा तर खाली तोंड दिसेल इतका गुळगुळीत, चकचकीत काळा थर लागतो. घोडं तिथेच अडलंय.

राहायला अंधेरीत. कॉम्प्रेसर नेहमीचा छोटा पिस्टनवाला, खाली तीन लिटरची टाकी, ३ बारला चालू होतो नि ४ ला बंद. रेग्युलेटर (दाब कमी-जास्त करणारा) आणि पाण्याचा ट्रॅप (हवेतले थेंब अडवणारी बाटली) टाकीलाच बसवलेला. ब्रश म्हणजे एअरब्रश, हवेच्या दाबाने रंग फवारणारा; डबल अॅक्शन, ०.३ मिमीची सुई. रंग लॅकर आणि पातळ करायला हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर.

त्रास दोन आहेत. सुरुवातीला सगळं झकास चालतं, पण दहा-पंधरा मिनिटांनी ब्रश मधूनच थुंकतो आणि रंगात बारीक खळगे पडतात. दुसरं म्हणजे, काळा रंग ओला असताना सुंदर दिसतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत त्यावर पांढुरकं धुकं धरतं. पंखाच्या मुळाशी, जिथे थर जरा जाड बसतो, तिथे जास्त.

नळीत आणखी एक ट्रॅप लावू, सिलिका जेलचा ड्रायर घेऊ, की सरळ पावसाळा संपायची वाट पाहू? तुम्ही काय करता?

---

शून्यमंडल

जून ते सप्टेंबर फक्त जोडकाम, पुट्टी, घासकाम. रंग दसऱ्यानंतर. आमच्याकडे हाच नियम आहे.

---

रंगपंचमी

आधी एक चाचणी करा. ब्रश पूर्ण साफ आणि कोरडा करून, कपात काहीही न घालता, स्वच्छ काचेवर चार बोटांच्या अंतरावरून नुसती हवा सोडा. पहिल्या मिनिटाला एकदा आणि कॉम्प्रेसर चांगला तापल्यावर पुन्हा. काचेवर थेंब उमटले तर पाणी नळीतून येतंय. काच कोरडी राहिली तर थुंकण्याचं कारण वेगळं: सुईच्या टोकावर वाळलेला रंग, नोझलला चीर किंवा ढिलं सील. कपात बुडबुडे येत असतील तर सीलच बघा. हे केल्याशिवाय ट्रॅपवर पैसे घालू नका.

---

चिऊताई

मी लॅकर कधीच सोडलं. पाण्यावरचे अॅक्रिलिक वापरते, वालेहो वगैरे. पांढरं पडायचा प्रश्नच येत नाही, घरात वासही नाही. माझं काम मुख्यतः आकृत्यांचं, म्हणजे माणसांच्या छोट्या मूर्तींचं, त्यामुळे मला पुरतं. फक्त पावसात वाळायला फार वेळ लागतो, थर अगदी झिरझिरीत ठेवावे लागतात.

---

गगनभरारी

@चिऊताई, आकृत्यांना मलाही अॅक्रिलिकच आवडतात. पण मेटॅलिकच्या खाली लागतो तसा कडक, सपाट, चकचकीत काळा मला त्यात अजून मिळालेला नाही.

@रंगपंचमी, आज रात्री काच लावून बघतो.

---

जुना_फिटर

धागा आजच पाहिला. माझी सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत एअर लाइन सांभाळण्यात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर शेवटच्या दोन परिच्छेदांवर उडी मारा.

पाणी कुठून येतं ते आधी बघू. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली की एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. तुमचा कॉम्प्रेसर ती हवा ४ बारपर्यंत दाबतो, म्हणजे हजार लिटरची दोनशे लिटर करतो. ३० अंशाला त्या दोनशे लिटरमध्ये जेमतेम ६ ग्रॅम वाफ मावते. उरलेल्या १८ ग्रॅमचं पाणी होणारच. ब्रश मिनिटाला १५ लिटर हवा खात असेल तर तासाभरात ही हजार लिटर संपतात. म्हणजे तासाला साडेतीन चमचे पाणी तुमच्या यंत्रणेत कुठेतरी पडतंय. ते कुठे पडावं, एवढंच आपल्या हातात असतं.

आता गंमत बघा. हवा दाबली की तापते. ६० अंशाला त्याच दोनशे लिटरमध्ये २६ ग्रॅम वाफ आरामात राहते. त्यामुळे पंपाला चिकटून असलेल्या ट्रॅपमधून गरम हवा वाफेसकट निघून जाते. ट्रॅप थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. पुढे दोन-तीन मीटर नळीत ती हवा खोलीच्या तापमानाला येते, तिथे पाणी सुटतं आणि थेट ब्रशमध्ये शिरतं. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं बरी जातात, कारण टाकी तेव्हा थंड असते आणि पाणी तिथेच बसतं. मोटर टाकीच्या डोक्यावरच बसवलेली, त्यामुळे टाकी तापली की खेळ संपला.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी दाब, मग गारवा, मग ट्रॅप आणि सगळ्यात शेवटी रेग्युलेटर. दाब जास्त असताना हवा गार केली की जास्तीत जास्त पाणी तिथेच सुटतं. ते काढून टाकल्यावर रेग्युलेटरने दाब एक-सव्वा बारवर आणला की तीच हवा पसरते आणि आपोआप कोरडी होते. कारखान्यातही हेच करतात, फक्त तिथे गारव्यासाठी रेफ्रिजरेटेड ड्रायर असतो.

घरी करायचं तर टाकीवरचा ट्रॅप-रेग्युलेटर सोडवा. टाकी आणि ट्रॅप यांच्यामध्ये पाव इंची तांब्याच्या नळीचं वेटोळं टाका. एसी दुरुस्तीवाल्याकडे ही नळी मिळते, तीन-चार मीटर पुरे. वेटोळं बादलीभर साध्या पाण्यात बुडवा. नळी वरून खाली उतरत ट्रॅपकडे आली पाहिजे. मध्ये झोळ पडला की पाणी तिथे साठतं आणि एकदम गचका मारून पुढे जातं. ट्रॅप उभाच हवा, आडवा नाही.

आणि टाकीच्या बुडाचा ड्रेन! कितीतरी लोकांना तो आहे हेच माहीत नसतं. काम संपलं की थोडा दाब असतानाच उघडायचा. आधी गढूळ, तांबूस पाणी येईल. ते तांबूस म्हणजे आतून खाल्लेलं लोखंड.

---

रंगपंचमी

काका, दंडवत. वाचनखूण साठवली.

---

मांडवीकर

जबरदस्त प्रतिसाद. एक शंका: ब्रशच्या मुठीखाली लावायचा छोटा ट्रॅप मिळतो, त्याचा उपयोग होतो का?

---

जुना_फिटर

@मांडवीकर, होतो. नळी संपते तिथे हवा पूर्ण गार झालेली असते, म्हणून जागा बरोबर आहे. पण त्यात पाणी मावतं थोडंच आणि ब्रश आडवा धरला की साठलेलं पाणी परत उसळतं. तो शेवटचा पहारेकरी म्हणून ठेवा, सगळी भिस्त त्याच्यावर नको. कारखान्यातले एफआरएल (फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर असा जोडसंच) स्वस्तात मिळतात म्हणून कोणी आणणार असेल तर फक्त फिल्टर-रेग्युलेटर घ्या. त्यातला ल्युब्रिकेटर हवेत तेल सोडतो, रंगकामाला ते विषच.

---

सुतारपक्षी

काकांनी नळीतल्या पाण्याचा निकाल लावला. पण धागाकर्त्याचा दुसरा त्रास अगदी वेगळा आहे आणि जगातला कुठलाही ट्रॅप तो बरा करणार नाही.

आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. एनसी लॅकर मारणाऱ्या प्रत्येक पॉलिशवाल्याला हे पांढरं पडणं पाठ असतं. जोरदार पाऊस असला की आमचे कारागीर टेबलटॉप मारायला चक्क नकार देतात. थिनर उडतो तेव्हा पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग काही अंशांनी गार पडतो. हवा आधीच दमट असली की तेवढ्या गारव्यात खोलीतलीच वाफ ओल्या रंगावर दव होऊन बसते. पाणी आत शिरलं की लॅकरमधलं रेझिन विरघळलेलं राहत नाही, बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतं आणि पांढरं दिसतं. काळ्या चकचकीत रंगावर ते लपत नाही, पांढऱ्यावर असलं तरी कळत नाही. जाड थरात थिनर जास्त, गारवा जास्त, म्हणून पंखाच्या मुळाशी जास्त.

म्हणजे इलाज थिनरमध्ये आहे. स्वस्त एनसी थिनर भराभर उडतो. त्यात रिटार्डर घाला, म्हणजे सावकाश उडणारं द्रावण. थर जास्त वेळ ओला राहतो, गारवा कमी पडतो, आणि बसलेलं पाणी आधी निघून जातं, रिटार्डर शेवटी. प्रमाण रंगाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. जास्त झालं तर वाळता वाळत नाही, शिवाय मॉडेलचं प्लास्टिक मऊ पडेल. लाकडाला ती भीती नसते, तुमच्या पॉलिस्टायरीनला आहे. हार्डवेअरचा थिनर प्रायमर नसलेल्या प्लास्टिकवर ओतप्रोत मारूच नका.

पांढरं पडलेलं परत आणता येतं. दिवस जरा कोरडा बघून नुसता सावकाश उडणारा थिनर, रिटार्डरसकट, हलका फवारा. वरचा थर पुन्हा विरघळतो, पाणी निघून जातं, धुकं नाहीसं होतं. टेबलांवर हे आम्ही नेहमी करतो.

---

पाऊलवाट

मॉडेलसाठी मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर मिळाला तर तो घ्या, त्यात रिटार्डर आधीच असतो. माझ्या ग्लॉसमध्ये त्याने जमीन-अस्मानाचा फरक पडला.

---

शून्यमंडल

एवढी उठाठेव करण्यापेक्षा दसरा काही लांब नाही हो.

---

चिऊताई

@शून्यमंडल, मुंबईत दसऱ्यानंतरही ऑक्टोबरभर घाम पुसतच बसायचं असतं. तुमच्या नियमाने वर्षाचे पाच महिने गेले.

---

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या नागपुरात उलटं होऊन राहिलं न भाऊ. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, हवा अशी कोरडी की रंग नोझलच्या टोकावरच वाळून जाते. ब्रश थुंकते आमचापण, पण पाण्यानं नाही. दर दोन मिनिटांनी सुईचं टोक पुसा, हाच धंदा. आमी पण रिटार्डरच टाकतो. एकच बाटली, तुमच्याकडे ओलाव्यावर अन् आमच्याकडे उन्हावर!

फक्त एक सांगतो, लॅकरचा रिटार्डर लॅकरमधे अन् अॅक्रिलिकचा अॅक्रिलिकमधे. अदलाबदल केली तर कपात गुठळ्या होतात.

---

पेणकर

मॉडेलिंगचा अनुभव नाही, धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्याकडे पेणला गणपतीच्या कारखान्यांत स्प्रेचं सगळं काम ऐन पावसाळ्यातच असतं. जुलैत थांबून कसं चालेल? चतुर्थी काही कोणासाठी थांबत नाही. अंगाचा रंग आणि गालांवरची, पोटावरची शेडिंग ब्रशगनने होते. त्यात एक थेंब पाणी आलं तर गालावर वण उठतो आणि तो नंतर झाकता येत नाही, सगळा चेहरा पुन्हा मारावा लागतो.

आमचे रंग पाण्यावरचे, म्हणून पांढरं पडायचा त्रास नाही. पण नळीतल्या पाण्याबाबत कारागीर फार कडक असतात. सकाळी काम सुरू करण्याआधी टाकीचं पाणी काढतात. प्रत्येक मूर्तीआधी रद्दी पेपरवर एक फवारा मारून बघतात, मगच मूर्तीकडे वळतात. कॉम्प्रेसर लांब, नळी लांब आणि नळीचा मधला भाग जमिनीवर न लोळवता वरून दांडीवरून आणलेला. काकांचं वाचल्यावर आज कळलं, यामागे एवढं शास्त्र आहे. डोळ्यांची आखणी मात्र हातानेच, तिथे हवा नाही नि कॉम्प्रेसर नाही.

---

जुना_फिटर

@पेणकर, तुमच्या कारागिरांना माझा नमस्कार सांगा. लांब नळी म्हणजे गारवा, आणि दांडीवरून आणली की पाणी ब्रशकडे न जाता मागे उतरतं. बरोबर तेच करताहेत.

---

गगनभरारी

काचेची चाचणी झाली. गार कॉम्प्रेसरवर काच कोरडी. वीस मिनिटं चालवल्यावर काचेवर टाचणीच्या डोक्याएवढे थेंब, अगदी मोजता येतील असे. टाकीचा ड्रेन उघडला तर काका म्हणाले तसं तांबूस पाणी आलं.

शिवाय सुतारपक्षींचं वाचून एक केलं: एका चमच्यावर रंग ब्रशने फवारला आणि दुसऱ्यावर साध्या कुंचल्याने जाड लावला. कुंचल्याने लावलेल्यावरही धुकं आलं! त्यात कॉम्प्रेसरचा संबंधच नाही. म्हणजे दोन रोग आहेत, दोन्हींना वेगवेगळं औषध.

---

सुतारपक्षी

चमच्याची चाचणी फार छान. ही मला सुचली नव्हती.

---

भंगारातून_सोनं

कोणी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर वापरतं का? माझ्याकडे आहे. आवाज जवळजवळ शून्य, रात्री दोन वाजताही चालवता येतो. टाकी म्हणून घरातला जुना गॅस सिलेंडर लावायचा विचार आहे.

---

जुना_फिटर

फ्रिजचा कॉम्प्रेसर चालेल, पण तो तेलात बुडालेला असतो आणि हवेबरोबर तेलाचे तुषार सोडतो. तेल रंगात गेलं की वाटोळी भोकं पडतात आणि ती पाण्याच्या खळग्यांसारखीच दिसतात, निदान चुकतं. तेल वेगळं करणारा चांगला फिल्टर लावल्याशिवाय नको.

गॅस सिलेंडर मात्र अजिबात नको, हे हात जोडून सांगतो. आत उरलेला वायू, आतून चढणारा गंज, आणि त्याला भोक पाडून वेल्डिंग करणं यातलं काहीही जिवावर बेतू शकतं. दाबासाठीच बनवलेली टाकी घ्या आणि तिला सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच.

---

टेक्सासचा_तात्या

इथे ह्यूस्टनमध्ये उन्हाळ्यात मुंबईसारखंच चिकचिकतं. मी कॉम्प्रेसरच काढून टाकला. कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर आणि रेग्युलेटर, बस. घरी बिअर बनवणारे लोक जो वापरतात तोच, वेल्डिंगच्या दुकानात भरून मिळतो. वायू अगदी कोरडा, आवाज नाही, दाब एकसारखा. नळीतल्या पाण्याचं नाव नाही.

---

रंगपंचमी

@तात्या, खिडकी उघडी ठेवता ना? हिशोब करून बघितला. मिनिटाला १५ लिटर धरले तर अर्ध्या तासात ४५० लिटर. दहा बाय दहाची खोली, दहा फूट उंच, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. बंद खोलीत प्रमाण दीड टक्क्याच्या वर जातं. कामाच्या ठिकाणी आठ तासांची सर्वसाधारण मर्यादा अर्धा टक्का आहे. एसी लावून दारं-खिडक्या बंद करून बसणाऱ्यांनी हा प्रयोग करू नये.

---

टेक्सासचा_तात्या

मी गॅरेजचं दार उघडं ठेवूनच बसतो, पण हे आकडे इथे आले ते उत्तम झालं. सिलेंडर उभा आणि साखळीने भिंतीला बांधलेला हवा, आत ५० बारहून जास्त दाब असतो. आणि हो, माझाही ग्लॉस ऑगस्टमध्ये पांढरा पडतोच. सुतारपक्षी म्हणतात तेच खरं, ती आर्द्रता खोलीतली.

---

सिंगापुरी_मिसळ

इथे बारा महिने पावसाळा, त्यामुळे शून्यमंडल यांचा नियम पाळला तर मी एकही विमान रंगवू शकणार नाही. :)

खोली कोरडी करणं हाच खरा उपाय. एसी ड्राय मोडवर तासभर आधी लावते, नाहीतर डीह्युमिडिफायर. शेजारी डिजिटल आर्द्रतामापक. ६० च्या खाली आकडा आला की ग्लॉस. ६० ते ७० मध्ये रिटार्डर घालून. त्याच्या वर मॅट बेसकोट मारते, ग्लॉस नाही.

यात एक मेख आहे जी मला बरीच उशिरा लक्षात आली. स्प्रे बूथचा एक्झॉस्ट पंखा खोलीतली कोरडी हवा बाहेर फेकतो आणि दाराच्या फटीतून बाहेरची ओली हवा आत ओढतो. ताशी ३०० घनमीटरचा पंखा दहा बाय दहाची खोली पाच-सहा मिनिटांत रिकामी करतो. एसीने तासभर केलेलं काम गेलं. म्हणून सगळी जुळणी आधी, पंखा फक्त फवारताना चालू, छोट्या छोट्या फेऱ्या. पण पंखा बंद ठेवून लॅकर मारू नका! ऑर्गॅनिक व्हेपरची काडतुसं असलेला मास्क दोन्ही परिस्थितीत हवाच.

---

पाऊलवाट

यात भर: कॉम्प्रेसर आवाजामुळे बाल्कनीत ठेवून नळी एसीच्या खोलीत आणणारे बरेच आहेत. कॉम्प्रेसर बाल्कनीतली ओली हवा ओढतो आणि नळी गार खोलीत येते. पाणी नळीतच सुटणार.

---

जुना_फिटर

बरोबर. तसं करायचंच असेल तर ट्रॅप आणि रेग्युलेटर खोलीच्या आत आणा. मग गार खोलीच तुमचं बादलीतलं वेटोळं होते.

---

दमलेला_बाबा

घरातली परिस्थिती: एसी मिग-२१ ला, पंखा कुटुंबाला. बायकोने हा धागा वाचला तर माझी काही धडगत नाही.

---

चिऊताई

@दमलेला_बाबा, तिला सांगा की त्या खोलीत पापडही कुरकुरीत राहतात. दोन्ही कामं एकाच एसीत होतील. (थिनरच्या वेळी पापड बाहेर.)

---

भंगारातून_सोनं

काका, सिलेंडरचा विचार रद्द केला. आभार.

सिलिका जेलबद्दल कोणीच बोललं नाही. धागाकर्त्याने विचारलंय ना?

---

रंगपंचमी

सिलिका जेल उत्तम, पण ट्रॅपच्या नंतर. ते आपल्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी धरतं. काकांच्या हिशोबाने तासाला १८ ग्रॅम पाणी येतंय. १०० ग्रॅम जेल एकटंच लावलं तर दीड तासाच्या आत तृप्त होऊन बसेल. आधी गारवा आणि ट्रॅपने बहुतेक पाणी काढलं तर तेच जेल कितीतरी जास्त टिकतं.

निळं जेल ओलं झालं की गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते चांगलं नाही. नारिंगी मिळतं ते घ्या. पुन्हा कोरडं करायला ११०-१२० अंशावर तापवावं लागतं, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. आणि जेलच्या पुढे बारीक जाळीचा फिल्टर हवा, नाहीतर त्याची भुकटी ०.३ च्या नोझलमध्ये अडकते.

---

मांडवीकर

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण ओलाव्याचाच. मी गोव्यात पणजीला. नौदलाच्या ३०० स्क्वाड्रनच्या सी हॅरियर विमानाचं मॉडेल केलं, आपल्या दाभोळीच्या आयएनएस हंसावरून २०१६ पर्यंत उडायचं ते. रंग मस्त बसला, डेकल्स (चिकटवायची चिन्हं-आकडे) बसल्या. शेवटचा मॅट वार्निश मारला आणि पॅनेलच्या रेघांमध्ये, इंजिनाच्या तोंडापाशी पांढरी भुरी धरली. आता काय?

---

पाऊलवाट

आधी बघा, पांढरं फक्त डेकलखाली आहे का? तसं असेल तर डेकलखाली हवा अडकलीय, ते चंदेरी दिसतं. तो वेगळा रोग. डेकलला टाचणीने बारीक टोचून मऊ करणारं द्रावण लावा.

रेघांमध्ये असेल तर मॅट वार्निशमधली पूड दमट हवेत गोळा होऊन बसली आहे. घाबरू नका. कोरड्या दुपारी त्यावर पातळ ग्लॉसचा थर मारा. ग्लॉस त्या पुडीच्या खाचाखोचा भरतो आणि बहुतेक वेळा पांढरेपणा गायब होतो. पूर्ण वाळल्यावर पुन्हा मॅट, यावेळी दोन-तीन पातळ थरांत. बाटली आधी खूप हलवा, पूड तळाशी बसलेली असते.

---

मांडवीकर

रेघांमध्येच आहे. ग्लॉस मारून बघतो, देव बरें करूं.

अवांतर: गोव्याला येणाऱ्यांनी बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय चुकवू नका. सी हॉक, अलिझे अशी विमानं उघड्यावर उभी आहेत. खाऱ्या, ओल्या हवेत खऱ्या विमानांचा रंग कुठे फिका पडतो, कुठून पोपडे सुटतात ते जवळून बघायला मिळतं. वेदरिंगसाठी, म्हणजे मॉडेल वापरून जुनं झाल्यासारखं दाखवायला, याहून चांगला संदर्भ नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

कोरडी दुपार म्हणजे नेमकी किती वाजताची, तेपण सांगा न.

---

सिंगापुरी_मिसळ

दोन ते चार. हवेतलं पाणी तेवढंच असलं तरी तापमान चढलं की सापेक्ष आर्द्रता उतरते. पहाटे सगळ्यात जास्त असते. पावसाने उसंत दिलेली दुपार मिळाली तर सोडू नका. रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर रंगवायची ज्यांना सवय आहे, त्यांच्या वाट्याला सगळ्यात ओली हवा येते.

---

सुतारपक्षी

आणि मॉडेल फवारण्याआधी किंचित कोमट करा. बल्ब लावलेल्या पेटीत अर्धा तास ठेवलं तरी पुरतं, ४० अंशांच्या आसपास. पृष्ठभाग गरम असला की थिनर उडाल्यावरही तो दव पडण्याइतका गार होत नाही. हेअर ड्रायर जवळून धरू नका, पंखाची पातळ कड वाकते.

---

गगनभरारी

कळवायला जरा उशीर होतोय, पण नीट करून मगच लिहायचं होतं.

तांब्याचं वेटोळं बसवलं, बादली ठेवली, ट्रॅप आता त्याच्या पुढे. अर्धा तास सलग चालवला, ट्रॅपच्या काचेत पाणी दिसतंय आणि काचेच्या चाचणीत एकही थेंब नाही. थुंकणं बंद.

रंगात लेव्हलिंग थिनर घातला, विमान बल्बच्या पेटीत कोमट केलं आणि रविवारी तीन वाजता, मापकावर ६२ असताना फवारलं. खोलीतला एसी चालू, पंखा फक्त फवारताना. उजवा पंख स्वच्छ काळा. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कडेपासून कडेपर्यंत सरळ दिसतंय. डाव्या पंखाच्या मुळाशी जुन्या थरातलं थोडं धुकं होतं, त्यावर नुसता थिनर-रिटार्डरचा फवारा मारला. समोर बघता बघता ते विरघळलं. आठवडाभर वाळू देतो, मग अॅल्युमिनियम.

माझ्या मते यातला कुठलाही एक उपाय पुरला नसता. ज्यांना खर्च बेताचा ठेवायचाय त्यांनी आधी थिनर बदलावा, मग वेटोळं. सिलिका जेल मी घेतलंच नाही.

---

शून्यमंडल

प्रतिबिंबाचा फोटो टाका. तो बघून मी माझा नियम सोडेन.

---

नवा_भिडू

सगळा धागा वाचला, फार शिकलो. मी कोल्हापूरचा, अजून एअरब्रश घेतलेला नाही, तामियाचे स्प्रे कॅन वापरतो. कॅनमध्ये कॉम्प्रेसर नाही म्हणजे मला पावसात काही त्रास नाही ना?

---

सुतारपक्षी

नळीतल्या पाण्याचा नाही, पण पांढरं पडण्याचा आहे, उलट जास्तच. कॅनमधून रंग ओला आणि भरपूर येतो, शिवाय प्रोपेलंट (रंग बाहेर ढकलणारा वायू) उडताना स्वतःच गारवा आणतो. फवारत राहिलात की डबा हाताला गार लागतो, बघा. कॅनमध्ये रिटार्डरही घालता येत नाही.

डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. हात सहज बुडेल इतपतच कोमट, गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही नाही. मग पातळ थर, मध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या आणि वेळ दुपारची. रंग कुठला मारणार आहात?

---

नवा_भिडू

ग्लॉस लाल. मोटरसायकलची टाकी आहे, १/१२.

---

सुतारपक्षी

लालवर काळ्याएवढं दिसत नाही, पण गुलाबीसर झाक येते. आधी टाकीच्या खालच्या बाजूला, सीटखाली झाकली जाईल तिथे फवारून वाळू द्या. ती जागा स्वच्छ राहिली तर त्याच दुपारी वरचा भाग मारून टाका, उद्यावर ठेवू नका.